ढेकळ्याची आंघोळ

आमच्या घरात पाणी पिताना आवाज करायचा नाही, असा एक काळ होता. पाण्याचा गडवा माठावर आपटायचा नाही, घोट घेताना घशाचा आवाज होऊ द्यायचा नाही, आणि प्यायचंच असेल तर मागच्या दाराबाहेर, न्हाणीच्या भिंतीआड जाऊन प्यायचं. माठ तिथंच ठेवलेला होता. कोणी पाहुणा आला की माय त्याला दारातच थांबवायची, बाहेरच्या बाहेर पाणी द्यायची आणि मग आत घ्यायची. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटायचं. पण घरात माझा धाकटा भाऊ विजू होता आणि त्याच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. दिवसभरात त्याला किती पाणी द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. ते एवढं थोडं होतं की गावाकडे उन्हाळ्यात चिमण्यांसाठी परळात त्याहून जास्त पाणी ठेवत असत.

आमचं गाव दर्यापूरकडचं. जमीन काळी, लोण्यासारखी, पण विहिरींना खारं पाणी. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, आणि चहाची चवही वेगळीच लागायची. लहानपणी आम्हाला वाटायचं की पाणी असंच असतं. विजूच्या पायांवर पहिल्यांदा सूज आली तेव्हा बाबांनी डॉक्टरांना विचारलं होतं की आमच्याकडच्या पाण्यानं असं झालं का. डॉक्टर म्हणाले, असेलही, नसेलही, आता त्याचा काय उपयोग. नागपूरला मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं. तिथल्या डॉक्टरांनी पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाबांना बाहेर नेऊन सांगितलं की एवढ्या लहान मुलाचं आम्ही फार काही करू शकणार नाही, पथ्य सांभाळा, जितकं निभेल तितकं. बाबा तेव्हा अकोल्याच्या धान्यबाजारात मापारी होते आणि आठवड्याला घरी यायचे. नागपूरहून परतल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना अकोल्याला आणलं. दवाखाना जवळ पडावा म्हणून जठारपेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पुढं अंगण, मागं न्हाणी आणि नळ.

बाबांचं सगळं आयुष्य काट्यापाशी गेलेलं. पोतं चढलं की आकडा मोठ्यानं पुकारायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्यांनी पुकारलेल्या आकड्याबद्दल ना शेतकरी तक्रार करायचा ना अडत्या. डॉक्टरांनी पाण्याचं माप सांगितलं तेव्हा मला वाटतं बाबांना आतून थोडा धीरच आला असेल, कारण माप सांभाळणं हे त्यांचंच काम होतं. त्यांनी स्टीलच्या एका गिलासावर खिळ्यानं रेघ ओढली. सकाळी ते त्या रेघेपर्यंतचं पाणी मोजून एका बाटलीत भरत आणि बाटली विजूच्या खाटेजवळच्या कोनाड्यात ठेवत. तेवढ्यात दिवस काढायचा. औषधाची गोळीही त्यातच. बाजारातून उन्हातानाचे घरी आले तरी विजू झोपेपर्यंत ते पाण्याला शिवायचे नाहीत. वाटेवरच्या पाणपोईवर पिऊन, मिशा बाहीनं कोरड्या करून मगच ते गल्लीत शिरत, हे मला फार पुढं कळलं. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं जे घडलं ते वाचून कोणी त्यांना कठोर म्हणू नये.

विजूचं जेवण अळणी. डाळ नाही, टमाटर नाही, केळं नाही, लोणचं तर स्वप्नातही नाही. भाजी दोनदा उकळून पाणी फेकून द्यायचं, मग उरलेला चोथा भातासोबत. मायनं स्वतःचंही मीठ सोडलं. मी आणि बाबा मात्र मीठ खायचो, म्हणजे माय आम्हाला खाऊ घालायची. ठेचा वाटला की तो वरवंट्याचा आवाज आणि मिरचीचा ठसका सगळ्या घरात जायचा, म्हणून ती शेजारी रशीदचाचांच्या घरी जाऊन त्यांच्या पाट्यावर वाटून आणायची आणि मला न्हाणीजवळ बसवून भाकरीवर द्यायची. ज्वारीची भाकर, ठेचा, वर तेल. तिथंच माठ, तिथंच मी. विजूला हे माहीत होतं. एकदा तो मला सहज म्हणाला, "कुंदाताई, तुया तोंडाले तेलाचा वास येते." मी पदराआड तोंड पुसावं तसं ओढणीनं पुसलं. तो हसला नाही की रडला नाही. तो दहा वर्षांचा होता आणि त्याला सगळं समजत होतं.

रशीदचाचा ट्रक चालवायचे. आंध्रातून मिरच्यांची पोती आणायचे. त्या हिवाळ्यात संक्रांतीच्या आसपास ते एका खेपेहून आले आणि मिरच्यांच्या रिकाम्या बारदानात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी विजूच्या मांडीवर ठेवलं. "देख बेटा, रस्त्यात चिरडलं असतं, उचलून आणलं." ते कासवाचं पिल्लू होतं. माझ्या तळहातात मावेल एवढं. काळं, आणि त्याच्या पाठीवर पिवळ्या चांदण्या काढल्यासारख्या रेघा. आम्ही काळ्या मातीतली माणसं. विजूला ते नांगरटीत वर आलेल्या ढेकळासारखं दिसलं. तो म्हणाला, हा ढेकळ्या.

आज असं कासव घरात ठेवलं तर वनखात्याची माणसं येतील, आणि ते योग्यच आहे. तेव्हा आमच्या गल्लीत कोणाला तसला कायदा ठाऊक नव्हता. उलट कासव घरी आलं म्हणजे बरं होणार, असं माय म्हणाली. मंदिरात देवासमोर कासव असतंच ना. तिनं त्याच्या पाठीला कुंकू लावलं. ते विजूनं लगेच ओल्या फडक्यानं पुसून टाकलं, कारण त्याच्या डोळ्यात जाईल.

पहिल्याच दिवशी ते मरता मरता वाचलं. कासव म्हणजे पाण्यातलं जनावर, असं आम्हा सगळ्यांच्या डोक्यात. बाबांनी बादली भरली आणि हलक्या हातानं त्याला पाण्यात सोडलं. ते तरंगलं नाही, पोहलं नाही. चारी पाय वेड्यासारखे हलवत सरळ तळाशी गेलं आणि तोंडातून बुडबुडे आले. आम्ही बघत राहिलो. आम्हाला वाटलं, डुबकी मारली. विजूच एकटा ओरडला आणि कोपरापर्यंत हात घालून त्यानं ते वर काढलं. डोकं खाली करून धरल्यावर त्याच्या नाकातून पाणी गळलं. मग बराच वेळ ते मान आत ओढून बसलं. बाबा खजील होऊन म्हणाले, "कासव अन् पाण्यात बुडते?" विजू म्हणाला, "हे जमिनीवरचं हाये, बाबा. याचे पाय पाहा, हत्तीवानी हायेत. पोयाचे पाय असे नसतात."

तेव्हापासून त्याच्या आंघोळीचा कारभार विजूकडे गेला आणि त्यानं तो बाजारातल्या काट्यासारखा चोख चालवला. आंघोळ बादलीत नाही, परातीत. जुनी, पोचे आलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, परात मायनं त्यासाठी वेगळी काढून दिली. ती पुन्हा स्वयंपाकात घ्यायची नाही. पाणी गार नाही, कढत नाही. मी चुलीवरचं आणि माठातलं मिसळून आणायचे आणि विजू मनगटाची आतली बाजू पाण्यात धरून बघायचा. मनगटाला ना ऊन लागलं पाहिजे ना गार. पाणी किती, तर ढेकळ्याच्या पाठीचं कवच आणि पोटाचं कवच जिथं जुळतं तिथवर. त्याची मान खाली केली तरी हनुवटी पाण्याबाहेर राहिली पाहिजे. पहिल्या काही दिवसांत त्यानं यासाठी मला किती वेळा पाणी ओतून काढायला लावलं असेल. साबण नाही. जुन्या दात घासायच्या ब्रशचे केस कातरून मऊ केलेले. त्यानं पाठीवरून, मग पायांच्या बेचक्यांतून हळू फिरवायचं, डोळ्यांकडे जायचं नाही. ढेकळ्या पाण्यात बसला की थोड्या वेळानं हगायचा, तेव्हा पाणी बदलायचं. आणि काही झालं, कोणी हाक मारली, दारात कोणी आलं, तरी परातीजवळून उठायचं नाही. उठायचंच असेल तर आधी त्याला बाहेर काढायचं. मग मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं टिपून, पायांच्या मधली ओल कोरडी करून, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवायचं, पण अर्धी सावलीही जवळ असली पाहिजे, म्हणजे त्याला वाटलं तर तो सरकेल. शेवटी स्वतःचे हात साबणानं धुवायचे. हे हात धुणं मायनं घातलेलं, बाकी सगळं विजूनं स्वतः बघून बघून ठरवलेलं.

माझी नात पुण्याला असते. मागं तिनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातली कोणी मुलगी कासवाच्या पिल्लाला आंघोळ कशी घालावी ते दाखवत होती. भाषा मला कळली नाही, पण तिचे हात कळले. तेच मनगट, तीच हनुवटीपर्यंतची उंची, तेच फडकं. नातीनं खाली लिहिलं होतं की आजी, किती गोड ना. मी मोबाइल पालथा घालून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत उचलला नाही. मला त्या मुलीनं पुढं काय केलं ते बघायचं नव्हतं. म्हणजे कासव पाणी पितं तो भाग.

कारण कासव आंघोळीतच पाणी पितं. आम्हाला हे काही दिवसांनी कळलं. कोमट पाण्यात बसलं, अंग सैलावलं, की ढेकळ्या मान लांब करायचा, तोंड पाण्यात बुडवायचा आणि प्यायचा. घसा वरखाली होताना दिसायचा. घाई नाही. प्यायला सुरुवात केली की मध्येच थांबायचा, पुन्हा प्यायचा. विजू मांडी घालून समोर बसायचा आणि बघायचा. त्याचे ओठ फुटलेले असत. माय त्यावर तूप लावायची. तो कासवाला म्हणायचा, "पी, पी. सावकाश पी." मला ते बघवत नसे, म्हणून मी परात ठेवली की काहीतरी काम काढून दाराकडे तोंड करून बसायची. बाबांनी एकदाच मायजवळ विषय काढला. घरात पोराच्या हाताशी एवढं पाणी ठेवणं बरं नाही, म्हणाले. माय म्हणाली, शाळा गेली, खेळणं गेलं, खाणं गेलं, एवढं एक राहिलं आहे, ते नका काढू. आणि ते घाणीचं पाणी कोण पिणार आहे. 

मग उन्हाळा लागला. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळत नाही. सकाळी नऊलाच रस्ते ओस पडतात, भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि सावलीतही नाकातला श्वास गरम येतो. घरमालकांनी आमच्या खिडकीला त्यांचा जुना कूलर लावून दिला. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपायचं, खाली टाकीत ठिबकायचं. दुसऱ्याच दिवशी विजूनं मला जवळ बोलावून कूलरची मोटार बंद करायला सांगितली. मी म्हटलं, नुसत्या पंख्यानं गरम वारा येईल. तो म्हणाला, येऊ दे. पाण्याचा आवाज आयकू येते. मग सगळा उन्हाळा आम्ही तो कूलर कोरडा चालवला. मायनं कारण विचारलं नाही. तिलाही तो आवाज ऐकू येत असावा.

नळ काही दिवसांआड यायचा. तो आला की सगळ्या गल्लीत हंडे-कळशांची आदळआपट, बायकांची बोलणी, भांड्यात पडणारी धार. त्या वेळी विजू ढेकळ्याला छातीशी धरून पुढच्या अंगणातल्या पायरीवर जाऊन बसायचा. त्याचा चेहरा सुजला होता, डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. शरीरात पाणी साचलेलं आणि घसा कोरडा, हे आम्हाला कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल, पण ते आमच्या डोक्यात शिरत नव्हतं. मायला एवढंच दिसायचं की पोराच्या जिभेवर पांढरा थर आहे आणि ती जीभ टाळूला चिकटते. ती ओलं फडकं त्याच्या ओठांवरून फिरवायची. तो फडकं दातांनी धरून ठेवायचा आणि तिला ते ओढून काढावं लागायचं.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे त्या दिवशी दुपारी अंगणात सांडगे आणि पापड वाळत होते. बाबा बाजारात. विजूनं ढेकळ्याची आंघोळ काढली होती. उन्हाळ्यात ती सकाळी व्हायची, पण त्या दिवशी त्याला सकाळी मळमळत होतं म्हणून दुपारवर गेली. मी पाणी करून परात त्याच्या खाटेजवळ खाली ठेवली. एवढ्यात वाऱ्याचं वावधन सुटलं. धुळीचा लोट गल्लीच्या तोंडातून आत आला, कुठंतरी टिनाचा पत्रा वाजला, आणि माय ओरडली की पापड उडून राहिले. आम्ही दोघी धावलो. चादरींची टोकं धरून, उडालेले पापड वेचून, ओट्यावर नेईपर्यंत आमच्या तोंडात, डोळ्यांत धूळच धूळ झाली. फार वेळ गेला नसेल. माय पुढं होती, मी मागं, दोघींचे हात पापडांनी भरलेले.

दारातच माय थांबली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. ढेकळ्या खाटेवर होता, लुगड्याच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला, कोरडा केलेला, तोंड तेवढं बाहेर. विजू जमिनीवर गुडघे आणि हात टेकून परातीवर वाकला होता आणि परातीतलं पाणी तोंड लावून पीत होता. ते पाणी गढूळ झालेलं होतं. त्यानं आम्हाला पाहिलं. थांबला नाही. डोळे आमच्याकडे ठेवून तो पीत राहिला.

मायच्या हातातले पापड खाली पडले. मला वाटलं, आता ती त्याला ओढेल, मारेल. ती आत गेली, त्याच्याजवळ बसली, आणि परात दोन्ही हातांनी हळूच त्याच्या तोंडाखालून काढून घेतली. पदरानं त्याचं तोंड पुसलं. हनुवटी पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुंदे, माठातलं पाणी आण. गडवा भरून आण."

मी उभीच राहिले. तिनं पुन्हा सांगितलं नाही. मी मागच्या दारानं गेले, गडवा भरला. माठातलं पाणी इतकं गार होतं की गडव्याला बाहेरून घाम आला. मी आणून दिला. मायनं विजूला पाठीमागून धरलं, गडवा त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड फिरवलं.

"बाबा रागावतीन," तो म्हणाला.

"बाबाले मी सांगतो. तू पी."

तो प्यायला. त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा मी घटाघटा पाणी पिण्याचा आवाज ऐकला. गडवा रिकामा झाला तसा तो त्यानं स्वतः माझ्याकडे केला. मी मायकडे बघितलं. तिनं मान हलवली. मी पुन्हा भरून आणला. तोही त्यानं संपवला, पाणी गळ्यावरून, सदऱ्यावरून ओघळलं. मग त्यानं डोळे मिटले आणि तसाच मायच्या अंगावर रेलला. ती त्याला धरून बसून राहिली. बाहेर वावधन कमी झालं होतं आणि अंगणात उरलेसुरले पापड धुळीत लोळत होते. मला वाटतं, ते वेचायला कोणी गेलंच नाही.

संध्याकाळी बाबा आले. चपला काढत होते तेवढ्यात मायनं सांगितलं. लपवलं असतं तर लपलं असतं. बाटलीत रोज संध्याकाळी उरायचं तेवढं पाणी होतंच. तिनं सरळ सांगितलं की मी त्याला आज पाणी पाजलं, त्याला पाहिजे तेवढं. बाबा एक पाय चपलेत ठेवून तसेच थांबले.

"कावून देलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"तहान लागली होती त्याले."

बाबांनी कोनाड्यातली बाटली उचलली, उजेडात धरून आतलं पाणी पाहिलं, परत ठेवली. मग न जेवता, पाठ फिरवून पडून राहिले.

पुढच्या दोन-तीन दिवसांत विजूचा श्वास लागायला लागला. आडवं होता येईना. उशांचा ढीग करून मायनं त्याला बसतं ठेवलं. सरकारी दवाखान्यात नेलं, सुया दिल्या, नाकाला नळी लावली. त्यानं मला विचारलं की ढेकळ्याला आंघोळ घातली का. मी घातली होती आणि तसं सांगितलं. पाणी मनगटानं पाहिलं का, म्हणून विचारलं. पाहिलं, मी म्हणाले. एका सकाळी, झाडलोट करणाऱ्या बाया वऱ्हांड्यात पाणी मारत होत्या तेव्हा, तो बसल्या बसल्या गेला. मान मायच्या खांद्यावर होती. तिला वाटलं, झोपला. तिनं आम्हाला बराच वेळ आवाज करू दिला नाही.

डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतलं. मी जवळच होते. ते म्हणाले, हे होणारच होतं, मूल फार दिवसांचं नव्हतं, पाण्यानं फार तर काही दिवसांचा फरक पडला असेल, मनाला लावून घेऊ नका. भला माणूस होता तो. पण बाबांनी त्या सगळ्या वाक्यातून 'काही दिवस' एवढंच ऐकलं. ज्या माणसानं जन्मभर पोत्यामागं मूठभर धान्याचाही फरक होऊ दिला नाही, त्याला 'काही दिवस' म्हणजे काय हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. गावाकडे नेताना जीपमध्ये बाबा पुढं बसले, आम्ही मागं. दर्यापूरच्या फाट्यावर जीप थांबली तेव्हा ते मागं वळले आणि मायला म्हणाले, "तुनं मारलं त्याले."

 मायच्या मांडीवर विजूचं डोकं होतं.

दिवस करून आम्ही परत आलो. ढेकळ्याला रशीदचाचांच्या घरच्यांनी सांभाळलं होतं. मायनं त्याला आणलं आणि परात काढली. तिनं विजूला करताना इतकं बघितलं होतं की मला काही सांगावं लागलं नाही. ती त्याला आंघोळ घालायची, टिपायची, उन्हात ठेवायची. बाबा दारात उभे राहून एकदा ते पाहत होते. ढेकळ्यानं मान लांब करून पाणी प्यायला सुरुवात केली तसे ते निघून गेले. त्याच आठवड्यात त्यांनी रशीदचाचांना सांगितलं की जिथून आणलं तिथं नेऊन सोडा. मायनं हरकत घेतली नाही. घोळाच्या भाजीची एक जुडी बारदानात घालून दिली. चाचा खेपेहून परत आले आणि म्हणाले की डोंगराच्या पायथ्याशी झुडपात सोडलं, लगेच गवतात शिरलं. खरं असेल. चाचा खोटं बोलणारे नव्हते, पण त्या दिवसांत आमच्याशी कोणीही खरं बोललं असेल असं मला आता वाटत नाही.

त्यानंतर आईबाप एका घरात राहिले, एकाच चुलीवरचं जेवले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. तुया मायले सांग, तुया बापाले सांग. माझं लग्न होऊन मी अमरावतीला शिक्षिका म्हणून आले तेव्हा मला हीच काळजी होती की आता हे दोघं बोलणार कसे. सुट्टीत गेले तेव्हा कळलं. ते भिंतीशी बोलायला लागले होते. बाबा खिडकीकडे बघून म्हणायचे, कोणी चहा करत असन तर आपल्यालेही पायजे. माय चुलीकडे बघून म्हणायची, तेल संपलं हाये म्हणा. एवढ्या वर्षांत विजूचं नाव त्या घरात निघालं नाही. त्याचा फोटोही नव्हता. काढलाच नव्हता कधी. मी आईबापांना एकत्र हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही घर नंतर फार हसरं झालं नाही. माझ्या मुलांना ताप आला की मी आधी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि मग डॉक्टरांकडे न्यायची. नवरा हसायचा. त्याला मी कारण कधी सांगितलं नाही.

दोघं थकल्यावर मी त्यांना अमरावतीला माझ्याकडे आणलं. मागची खोली दिली. एका दुपारी माय अंबाडीची पानं खुडत बसली होती, मी तिच्याशेजारी. बाबा खाटेवर डोळ्यांवर टॉवेल टाकून पडले होते. मला वाटलं, झोपले आहेत. कशावरून विषय निघाला ते आठवत नाही. मी तिला विचारलं की तुला कधी वाटतं का गं, त्या दिवशी पाणी दिलं नसतं तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मी हा प्रश्न पोटात ठेवला होता. तिनं हातातलं पान खुडलं, टोपलीत टाकलं.

"पह्यलेच द्याले पायजे होतं," ती म्हणाली. "उन्हाळा लागला तवाच."

खाट करकरली. बाबा उठून बसले होते. टॉवेल मांडीवर पडला होता. ते मायकडे बघत होते, भिंतीकडे नाही. 

"लय पेला का वं थो?"

मायनं मान वर केली. वं म्हणून त्यांनी तिला हाक मारल्याला किती वर्षं झाली होती ते आम्हा तिघांनाही सांगता आलं नसतं.

"पोट भरून पेला," ती म्हणाली. "मंग हासला."

बाबांनी मान हलवली, आणि बराच वेळ हलवत राहिले. विजू हसल्याचं मला आठवत नाही. त्या दुपारी मी तिथंच उभी होते, रिकामा गडवा माझ्या हातात होता आणि मी विजूकडेच बघत होते. मी अंबाडीची उरलेली पानं खुडायला घेतली.